खापर वाचणारे विद्यार्थी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



प्रतिवर्षी या व्यासपीठावर आपल्या समाजातील गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो आणि त्या वेळी वैद्यक, अभियांत्रिकी, संगणक अशा शाखांची नावे कानी पडतात. ती पडावीत, आम्हांस त्यात आनंदच आहे. परंतु गतवर्षी शिष्यवृत्तीसाठी आलेला एक अर्ज ‘अभ्यासक्रम व्यावसायिक नाही’ असा शेरा मारून परत धाडण्यात आला. अर्ज आपल्याच एका कन्येचा होता. वडील वीटभट्टी चालवितात; मुलगी संस्कृत घेऊन बी. ए. झाली आहे आणि पुरातत्त्व शिकण्यासाठी तिला पुण्यास जावयाचे आहे. तो शेरा वाचून आम्ही अस्वस्थ झालो. आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे मॅट्रिक, तेव्हा विद्वत्तेचा आव आणणार नाही. पण आम्ही जन्माने कुंभार आहोत, आणि या विद्येचे विद्यार्थी दिवसभर काय हाताळतात हे कळल्यापासून आम्हांस ती परकी वाटेनाशी झाली आहे. ते हाताळतात खापरे.

सोने, तांबे वितळवून पुन्हा वापरता येते, लाकूड कुजते, कापड विरते. भाजलेली माती मात्र फुटली तरी नाहीशी होत नाही. म्हणूनच कोणत्याही जुन्या पांढरीच्या टेकाडावर खापरांचा खच पडलेला असतो. आपण तो पायांनी उडवितो. विद्यार्थी तो पिशवीत भरून घेतो. पहिल्या वर्षी त्याला हेच काम. उन्हात शेताशेतांतून पायी हिंडावयाचे, खापरे वेचावयाची आणि कोणती कोठे मिळाली ते टिपून ठेवावयाचे. मग उत्खननाचा हंगाम. तंबूत मुक्काम, थंडीत पहाटे उठणे, आणि आखून दिलेल्या चौकोनी खड्ड्यात खुरपी व ब्रश घेऊन तासन्‌तास बसणे. जमिनीचे थर रंगावरून आणि पोतावरून ओळखावयाचे, एका थरातील वस्तू दुसऱ्या थरात मिसळू द्यावयाची नाही. दुपारी खापरे धुवावयाची, वाळवावयाची आणि प्रत्येकीवर बारीक अक्षरांत स्थळ, खड्डा आणि थर यांच्या खुणा लिहावयाच्या. हजारो खापरांवर! सोन्याचा हंडा सापडेल या आशेने आलेला विद्यार्थी पहिल्या पंधरवड्यातच कंटाळतो, असे म्हणतात. ते खोटे नसावे.

रात्री कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात चित्रे काढणे चालते. काठाचा एवढासा तुकडा घेऊन, तो समकेंद्र वर्तुळांच्या कागदावर ठेवून अख्ख्या मडक्याच्या तोंडाचा व्यास काढावयाचा आणि मग चित्र रेखावयाचे: एका अंगाला छेद, दुसऱ्या अंगाला बाहेरचे रूप. बुडावर दोरीने कापल्याची वळणे दिसतात काय? आतल्या बाजूस चाकाच्या रेघा आहेत, की फळी आणि गोटा घेऊन थापल्याच्या खुणा आहेत? भट्टीत हवा खेळली म्हणून भांडे लाल झाले, की धूर कोंडला म्हणून काळे? श्रोतेहो, हे प्रश्न विद्यार्थ्यांना पुस्तकांतून शिकावे लागतात. आपल्या घरातील दहा वर्षांच्या मुलाला ते आजीच्या मांडीवर बसून ठाऊक झालेले असत. ‘असत’ असेच म्हणावे लागते, कारण आता चाके फारशी फिरत नाहीत.

या शिक्षणाचे महाराष्ट्रातील मोठे पीठ म्हणजे पुण्यास येरवड्याचे डेक्कन कॉलेज. टिळक-आगरकर तेथेच शिकले. १९३४ साली सरकारने ते बंद केले. तथापि माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, झगडले, आणि १९३९ साली ते संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. त्याच वर्षी डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया तेथे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. विलायतेत असता त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या मेडन कॅसल येथील उत्खननात भाग घेतला होता. पुढे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी नाशिक, जोर्वे, नेवासे, महेश्वरजवळचे नावडातोडी अशी स्थळे खणून काढली. जोर्वे हे संगमनेरजवळचे लहानसे गाव. पण तेथील पातळ, खणखणीत वाजणाऱ्या, तांबड्यावर काळी नक्षी असलेल्या भांड्यांमुळे एका संपूर्ण संस्कृतीला त्याचे नाव मिळाले. राजावरून नव्हे, लढाईवरून नव्हे, कुंभाराच्या कामावरून!

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन चालले. त्या उत्खननाच्या अखेरच्या वर्षांत आम्ही नवखे शिक्षक होतो आणि शाळेतील मुलांना घेऊन एकदा ते पाहावयास गेलो होतो. एका विद्यार्थिनीने मुलांना जमिनीत पुरलेले दोन कुंभ दाखविले. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत तान्ह्या बाळाची हाडे. घराच्या जमिनीखालीच बाळाला असे ठेवीत. मुले गप्प झाली. आम्हांस मात्र आपल्या आजोबांची आठवण झाली. अंत्यविधीचे मडके मागावयास रात्री-अपरात्री कोणी दारी आले की ते दर विचारू देत नसत.

याच गावात कुंभाराची वर्तुळाकार भट्टीही सापडली. ती ख्रिस्तपूर्व सुमारे १४०० ते १००० या काळातील. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार. आणि कुंभार, सोनार इत्यादी कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. आपल्याला गावाच्या कडेला बसविण्याची रीत इतकी जुनी आहे तर! याचा सविस्तर वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला. तो लिहिणाऱ्यांनी धुराचा आणि वाऱ्याचा विचार केला असेल. मानापमानाचा विचार करावयास आपल्यापैकी कोणीतरी तेथे असावयास हवे होते, असे आम्हांस राहून राहून वाटते.

आता संस्कृताविषयी. पुष्कळांची समजूत अशी की, त्या भाषेत आपले काय आहे? पतंजलीचे महाभाष्य घ्या. तेथे अगदी आरंभीच दृष्टांत येतो की, ज्याला घट हवा असतो तो कुंभाराच्या घरी जाऊन ‘घट कर’ म्हणतो, पण शब्द हवे असलेला मनुष्य वैयाकरणाकडे जाऊन ‘शब्द कर’ असे म्हणत नाही. उपपद समास शिकविताना पंडित उदाहरण देतात ते ‘कुंभकार’ या शब्दाचे. न्यायशास्त्रात कार्य आणि कारण समजावयाचे तर माती, चाक, दंड आणि कुंभार यांवाचून पान हलत नाही. दोन हजार वर्षे विद्यार्थ्यांनी आपले घर पाठ केले आहे. आपण तेवढे ते पुस्तक उघडले नाही.

या शाखेतील विद्यार्थ्यांचे कष्टही खापरे धुण्याच्या जातीचेच. डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द टिपून जवळजवळ १ कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या आणि पहिला भाग निघावयास १९७६ साल उजाडले. पुण्याच्याच भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ मध्ये पुरी झाली. तेथे पोथीशी पोथी ताडून अक्षराअक्षराचे पाठभेद लिहून काढावे लागत. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ साली वारले; त्यांना शेवट पाहता आला नाही.

आपल्या गोरोबाकाकांचे तेर घ्या. आषाढी-कार्तिकीला आपण त्यांचे नाव घेतो. पण ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी ग्रंथात, पेरिप्लसमध्ये, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर सांगितले आहे. ते तगर म्हणजे हेच तेर, असे १९०१ साली फ्लीट यांनी दाखविले. तेथील लामतुरे संग्रहालयात रोमन व्यापाराची साक्ष देणाऱ्या वस्तू आहेत. गोरोबाकाकांच्या चाकाखालीही हजार-बाराशे वर्षांची कुंभारकामाची खापरे पुरलेली होती. हे सांगावयास ग्रीक जाणणारा, संस्कृत जाणणारा आणि खापर ओळखणारा, असे तिघे लागले.

राहता राहिला पोटाचा प्रश्न. तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुरातत्त्व खाते, राज्याचे संचालनालय, संग्रहालये आणि विद्यापीठे येथे जागा निघतात, पण थोड्या, आणि त्याही दरवर्षी निघतील असे नाही. एम. ए. झाल्यावर काही वर्षे वाट पाहावी लागते. श्रीमंताच्या मुलाला ती पाहता येते. वीटभट्टीवाल्याच्या मुलीला येत नाही. शिष्यवृत्ती नेमकी या ठिकाणी हवी. ज्याला लठ्ठ पगार हमखास मिळणार, त्याला मंडळाचे साहाय्य मिळाले नाही तरी बँक कर्ज देते.

म्हणून शिष्यवृत्तीच्या नियमांतील ‘व्यावसायिक’ हा शब्द काढून ‘कोणताही मान्यताप्राप्त पदव्युत्तर’ असे शब्द घालावेत, अशा ठरावाचा मसुदा आम्ही चिटणिसांच्या स्वाधीन केला आहे. उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेत तो येईल. त्यास अद्याप अनुमोदक मिळालेला नाही. शिवाय ज्यांच्या माळ्यावर जुने चाक, थापण्याची फळी, गोटे किंवा वाडवडिलांची बलुत्याची वही पडली असेल, त्यांनी ती भंगारात घालण्यापूर्वी या मुलीला दाखवावी. ती आज मंडपात आली आहे. भोजनाच्या वेळी महिलांच्या पंक्तीत वाढावयास असेल.