बालकाचा चष्मा : स्वीकार आणि वेळेचे मोल

(रुग्णालयाच्या वार्षिक पालक मेळाव्यात नेत्रविभागाच्या वतीने केलेले भाषण)



मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन घरातील आजोबांच्या डोळ्यावरची पट्टी सुटते, तेव्हा साऱ्या घराला आनंद होतो. परंतु त्याच घरातील तीन वर्षांच्या नातीला चष्मा लागणार असे आम्ही सांगतो, तेव्हा सर्वांचे चेहरे उतरतात. दृष्टी मिळण्याचीच गोष्ट दोन्हीकडे असते; तरी एकीकडे पेढे वाटले जातात आणि दुसरीकडे डोळे पुसले जातात. या दुःखाला आम्ही हसत नाही. ते मायेपोटी आलेले असते. मात्र त्या दुःखात वेळ जाऊ नये, एवढ्यासाठीच आज आपल्याशी बोलत आहोत.

पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘आमचे काय चुकले?’ याचे उत्तर स्पष्ट आहे : बहुधा काहीही नाही. नवजात बालकाचा डोळा सुमारे १७ मिलिमीटर लांब असतो. प्रौढपणी तो सुमारे २४ मिलिमीटर होतो. या वाढीत एका मिलिमीटरचा फरक राहिला, तरी सुमारे तीन नंबरांचा फरक पडतो. डोळा आखूड राहिला की अधिक नंबर, लांब झाला की उणे नंबर. दूरदर्शन पाहिल्याने किंवा गाजरे न खाल्ल्याने तीन वर्षांच्या मुलाला मोठा अधिक नंबर येत नाही. शाळकरी वयातील उणे नंबराबाबत मात्र घराबाहेरच्या उजेडात रोज खेळणे हितकारक ठरते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे.

दुसरा प्रश्न, ‘थोडी मोठी झाल्यावर चष्मा दिला तर चालणार नाही का?’ खरा धोका याच प्रश्नात आहे. डोळा चित्र उमटवतो, पण पाहायला शिकतो तो मेंदू. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की कोवळ्या वयात एक डोळा झाकलेला राहिला तर मेंदूतील त्याची जागा दुसरा डोळा व्यापतो. या संशोधनाला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या बालकातही तेच घडते. ज्या डोळ्याकडून सतत अंधुक चित्र येते, त्याच्याकडे मेंदू दुर्लक्ष करू लागतो. यालाच आपण ‘आळशी डोळा’ म्हणतो. साधारणपणे सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास त्याला उत्तम प्रतिसाद मिळतो. पुढे तो कमी होत जातो. मोठेपणी लेझरने नंबर घालवता येईल; पण लहानपणी पाहायला न शिकलेल्या डोळ्याला लेझर पाहायला शिकवू शकत नाही.

यात फसगत होते ती एकाच डोळ्याला मोठा नंबर असलेल्या मुलांची. असे मूल चेंडू झेलते, मणी ओवते, जमिनीवरची मुंगीही दाखवते. कारण चांगला डोळा सारे काम करतो. मूल तक्रार करत नाही, कारण जग याहून वेगळे दिसते हे त्याला ठाऊकच नसते. म्हणून आमची विनंती आहे, की तक्रार नसली तरी शाळेत घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे तपासून घ्यावेत. तिरळेपणा हे भाग्याचे लक्षण नव्हे. त्यासाठी तपासणी हवीच. काही मुलांचे डोळे तर केवळ चष्म्याने सरळ होतात. बुबुळात पांढरी झाक दिसल्यास एक दिवसही थांबू नये.

अक्षर न येणाऱ्या मुलाचा नंबर कसा काढतात, अशी शंका अनेकांना येते. त्यासाठी मुलाने काही सांगावे लागत नाही. औषधाने बाहुली मोठी करून डोळ्यात प्रकाशाची पट्टी सोडतात आणि समोर भिंगे धरून नंबर मोजतात. लहान मुलांना बहुधा तीन दिवस अॅट्रोपीनचे मलम घालावे लागते. त्याचा परिणाम दहा-पंधरा दिवस राहू शकतो. तेवढ्यात ऊन सोसत नाही, जवळचे अंधुक दिसते. याने घाबरू नये. मात्र ताप आला किंवा चेहरा लाल झाला तर मलम थांबवून आम्हांला कळवावे.

चष्म्याने नंबर वाढतो हा गैरसमज आहे. चष्मा जागेपणी सतत हवा. भिंगे न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटची आणि चौकट नाकावर नीट बसणारी असावी. घसरणाऱ्या चष्म्यावरून मूल वरून पाहते आणि उपयोग शून्य होतो. आळशी डोळ्यासाठी पट्टी सांगितली असल्यास ती चांगल्या डोळ्यावर, चष्म्याच्या आत लावायची असते. मूल रडते ते दुखते म्हणून नव्हे, तर कमकुवत डोळ्याला काम पडते म्हणून. मध्यम स्वरूपाच्या दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी पडल्याचे अमेरिकेतील २००३ सालच्या अभ्यासात आढळले. किती तास, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

मुलीच्या बाबतीत ‘पुढे लग्नाचे कसे होईल’ हा प्रश्न आजही दबक्या आवाजात विचारला जातो. चष्मा पेटीत ठेवून मुलीचा डोळा अधू होऊ देणे, हे त्या प्रश्नाचे उत्तर असू शकत नाही. शाळेत कोणी ‘ढापण्या’ म्हणेल. त्या आधी घरातील मोठ्यांनी चष्म्याला ‘बिचारी’ हा शब्द जोडू नये. मूल चष्म्याकडे आपल्याच नजरेने पाहते.

देणगीदारांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. बालकाचा चष्मा एकदा देऊन भागत नाही. तो मोडतो, चेहरा वाढतो, नंबर बदलतो. दर काही महिन्यांनी तपासणीस यावे लागते आणि प्रत्येक खेपेला एका पालकाची रोजंदारी बुडते. अनेक उपचार पैशांअभावी नव्हे, तर या खेपांअभावी अर्धवट राहतात. म्हणून आपले साहाय्य पहिल्या चष्म्याइतकेच दुसऱ्या चष्म्याला आणि प्रवासखर्चालाही मिळावे, ही नम्र विनंती.

पालकहो, दुःख करायला आपल्याला पुढे कितीही वेळ आहे. डोळ्याला मात्र थोडीच वर्षे आहेत. ती वाया जाऊ न देण्यासाठी आम्ही आपल्यासोबत आहोत.