रंध्रे आवळणारे पटल



पाणी वस्त्रगाळ करून घेणारी आपल्या घरची गृहिणी जे करीत असे, तेच आजचे जलशुद्धीकरण केंद्रही करते. बदलले आहे ते छिद्राचे माप. नॅनोगाळणातील पटलाचे रंध्र सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढे असते. पाणी जड करणारे कॅल्शियम व मॅग्नेशियम आणि कीटकनाशकांचे पुष्कळसे रेणू तेथे अडतात. साधे मीठ मात्र बरेचसे पार जाते. पॅरिसजवळ मेरी-सुर-वाझ येथे १९९९ पासून नदीचे पाणी याच रीतीने गाळले जाऊ लागले.

या विद्येच्या पायाशी एक भारतीय नाव आहे, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. श्रीनिवास सौरिराजन यांनी सिडनी लोब यांच्यासह कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचे पटल सिद्ध केले आणि खाऱ्या पाण्याचे शुद्धीकरण व्यवहारात आले.

तथापि पटलाचा एक शत्रू अद्याप जिंकला गेलेला नाही, तो म्हणजे मळ. गाळ, सेंद्रिय द्रव्ये व जिवाणू पृष्ठभागावर साचतात, प्रवाह मंदावतो, दाब वाढवावा लागतो. यावर उपाय म्हणून परिस्थितीनुसार रूप पालटणारी पटले आली. त्यांच्यावर बहुवारिकांच्या साखळ्या रोवलेल्या असतात. पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइडची साखळी सुमारे ३२ अंश सेल्सिअसखाली पाणी शोषून फुगते, त्याहून उष्ण पाण्यात आक्रसते. पॉलीॲक्रिलिक आम्लाची साखळी आम्लात आखडते, अल्कलीत पसरते. या हालचालीने रंध्र लहानमोठे होते आणि चिकटलेला मळही सुटतो.

येथे उत्साहाला थोडा आवर हवा. एक नॅनोमीटरच्या रंध्रात लांब साखळीला शिरायलाच जागा नसते! त्यामुळे दार उघडण्या-मिटण्याचे ठळक प्रयोग बहुधा मोठ्या रंध्रांच्या पटलांवर झाले. नॅनोगाळणात साखळ्या मुख्यतः पृष्ठभागावरच राहतात.

दुसरा प्रश्न खर्चाचा. एक घनमीटर पाणी दहा अंशांनी तापवायला साडेअकरा युनिटांहून अधिक ऊर्जा लागते. समुद्राचे तेवढेच पाणी गोडे करण्याचे काम आधुनिक प्रकल्पात तीन-चार युनिटांत होते. म्हणजे सगळे पाणी तापवणे परवडणारे नाही. ऊब द्यायची ती केवळ धुण्यापुरती. आम्ल-अल्कलीने जागी होणारी पटले त्या मानाने व्यवहाराला जवळची, कारण पटले धुण्यासाठी ही द्रव्ये केंद्रांत आधीपासून वापरात आहेत.