घरं मोजायची तर आधी चुली मोजा
(पाड्यांच्या एकत्र सभेतलं भाषण)



पंचायतीचा आराखडा आता होणार आहे. 'आमचं गाव, आमचा विकास' असं त्याचं नाव. पण घरांचा विषय निघाला की कपाटातली यादी बाहेर येते. ती २०११ च्या सर्वेक्षणावरून आलेली. सर्वेक्षणाला माणूस आला तेव्हा जो वीटभट्टीवर होता, त्याचं नाव त्यात कुठून येणार? कातकरी वाडीचं तर विचारूच नका.

म्हणून यादी आपण करायची. १९९६ च्या पेसा कायद्यात योजनेचा लाभार्थी निवडायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. तो कुणी आपल्याला आणून देणार नाही, आपणच वापरायचा.

यादी करताना छपरं मोजू नका, चुली मोजा. एका छपराखाली बाप आणि लग्न झालेली दोन पोरं, तीन चुली पेटतात. सरकारी कागदावर ते एक घर, आपल्या कागदावर तीन कुटुंबं. विधवा बाई भावाच्या पडवीत राहते आणि वेगळी रांधते, तर तिचं नाव वेगळं लिहा.

आता पत्र्याचं. भिंत कुडाची, कारवीवर शेणमाती लिंपलेली. गवत मिळेना म्हणून कर्ज काढून वर पत्रा टाकला. सर्वेक्षणात पत्रा किंवा मशीनची कौलं म्हणजे पक्कं छप्पर, आणि छप्पर पक्कं की नाव यादीतून गळालं. खाली भिंत वाळवीने खाल्ली तरी! म्हणून भिंतीचं आणि छपराचं वेगवेगळं लिहा, वासे कुजलेत का तेही लिहा. प्रधानमंत्री आवासच्या यादीत जे बसत नाहीत, त्यांच्यासाठी शबरी घरकुल योजनेची मागणी त्याच ठरावात घ्या.

सगळ्यात मोठी अडचण जागेची. घरकुल आलं की विचारतात, जागा कुणाची? २००६ च्या वनहक्क कायद्यात वनजमीन कसायचा हक्क आहे तसा तिथं राहायचाही आहे. दाव्याच्या फॉर्मवर राहण्यासाठी किती आणि शेतीसाठी किती, असे दोन रकाने आहेत. बऱ्याच जणांनी शेतीचाच भरला. घर त्याच जमिनीत उभं आहे आणि कागदावर नाही! म्हणून प्रत्येक चुलीपुढे लिहा: जागा गावठाणात, मालकीची की वनजमीन? दावा टाकला का? घराचा रकाना भरला का? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा ताबा दाखवायला घरपट्टीची जुनी पावती चालते, म्हाताऱ्यांचा लेखी जबाब चालतो, घराच्या खुणाही चालतात. ही माणसं आहेत तोवर जबाब घेऊन ठेवा.

पैसे डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, घर किमान २५ चौरस मीटर, रोजगार हमीची मजुरी वेगळी. ठेकेदार लावायचा नाही, हा योजनेचाच नियम आहे. तरी ठेकेदार दारात येतो, 'तुम्ही फक्त अंगठा द्या' म्हणतो. देऊ नका. ज्या पाड्याला रस्ता नाही तिथं सिमेंट डोक्यावरून न्यावं लागतं, तो खर्चही आराखड्यात मांडा.

प्रत्येक पाड्यातून दोन माणसं द्या, त्यातली एक बाई पाहिजे. घराच्या आतलं तिलाच नीट कळतं. यादी पाड्यात मोठ्याने वाचायची, मग ग्रामसभेत ठराव, आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल मागून घ्यायची. हे सगळं दिवाळीच्या आत. नंतर भट्टीला गेलं की पाड्यात कोण सापडणार?

जिंदाबाद!