४२ अंशांवर जागे होणारे जनुक

ई. कोलाय या जिवाणूकडून एखादे प्रथिन बनवून घ्यायचे, तर त्याचे जनुक पेशीत घालून भागत नाही. ते कधी चालू व्हावे, हेही ठरवावे लागते. जनुकाच्या आधी डीएनएचा एक छोटा भाग असतो, प्रमोटर. आरएनए पॉलिमरेज हे विकर तिथे बसते आणि जनुकाची प्रत काढू लागते.

जिवाणूंना ग्रासणाऱ्या लॅम्डा विषाणूचे प्रमोटर फार जोमदार. त्यांच्यावर सीआय नावाचे प्रथिन बसले, की विकराला जागा उरत नाही. या प्रथिनाचा सीआय-८५७ हा बदललेला प्रकार मात्र उष्णतेला कच्चा आहे. ३० अंश सेल्सिअसला तो प्रमोटर घट्ट धरून ठेवतो. ४२ अंशांना त्याची घडी विस्कटते, पकड सुटते आणि जनुक चालू होते. म्हणून आधी ३० अंशांवर जिवाणू भरपूर वाढवायचे, मग टाकी तापवायची. जनुक चालू करायला महागडे रसायन ओतावे लागत नाही, आणि मला यातले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

पण ४२ अंशांचा जिवाणूवरही ताण येतो. सिग्मा-३२ हा घटक वाढतो आणि प्रथिने सावरणारी, तशीच तोडणारीही यंत्रणा कामाला लागते. आपल्याला हवे ते प्रथिन कधी तुटते, कधी त्याच्या निरुपयोगी गुठळ्या होतात. अशा नाजूक प्रथिनांसाठी उलटी वाट आहे, सीएसपी-ए या जनुकाच्या प्रमोटरची. तापमान १५ अंशांपर्यंत उतरवले, की त्याच्यामार्फत उत्पादन वाढते. आणि थंडीत सारे सावकाश चालत असल्याने प्रथिनाला नीट घडी पडायला उसंत मिळते.