मैदानाच्या कडेला



माझी शाळा हिंदी माध्यमाची. मराठी वाचनाची गोडी मला प्रेमकथांनी लावली. वर्तमानपत्राचं कव्हर घालून मी त्या वाचल्या. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’वर तर अश्लीलतेचा खटला चालला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवलं. घरोघरी मात्र अशी पुस्तकं अजून आरोपीच आहेत.

त्यांतही छोट्या गावाची किंवा खेळाडूची गोष्ट लगेच आपली वाटते. का? बालाघाटसारख्या गावात कुणी कुणाकडे पाहिलं, की दिवेलागणीपर्यंत घरी कळतं. मिलिंद बोकिलांनी ‘शाळा’ कादंबरीत नववीतल्या मुलाची हीच चोरटी नजर टिपली आहे. मैदान तेवढं अपवाद. तिथे खेळणाऱ्याकडे टक लावून पाहिलं तरी कुणी हटकत नाही. ‘सैराट’ चित्रपटातला परश्या क्रिकेट खेळतो, ते उगीच नव्हे.

शिक्षकांनो, मुलांच्या हातातून ही पुस्तकं हिसकावू नका. इथली मराठी त्यांच्यामुळेही टिकते. आणि विद्यार्थ्यांनो, वैनगंगेकाठची एक गोष्ट तुम्हीच लिहा. तिच्यात मैदानावर ती खेळत असू दे, आणि कडेला तो उभा असू दे.