क्षय ओळखण्यास उशीर कां होतो ?



क्षयाला आपल्या जुन्या वैद्यकांत ‘राजयक्ष्मा’ म्हणत. रोहिणीवरच सगळा लोभ ठेवला म्हणून सासऱ्यानें, म्हणजे दक्षानें, चंद्राला शाप दिला आणि तेव्हांपासून तो झिजूं लागला, ही कथा आपण लहानपणीं ऐकली असेल. कथा गोड आहे. परंतु नांवानें माणूस फसतो. हा रोग राजांना क्वचित् होतो. दाटीनें राहणारे, अर्धपोटीं काम करणारे आणि ज्यांना एक दिवसही घरीं बसणें परवडत नाहीं असे लोक यांचा तो रोग आहे. २०२३ सालीं जगांत सुमारें १ कोटि ८ लाख लोकांना नव्यानें क्षय झाला आणि साडेबारा लाख माणसें त्यानें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या नव्या रोग्यांपैकीं शेंकडा २६ एकट्या भारतांतले होते.

या रोगाचीं लक्षणें आणि पथ्यें यांवर आपण पुष्कळ ऐकलें असेल. मला बोलावयाचें आहे तें खोकला लागल्यापासून ‘हा क्षय आहे’ असें कोणीतरी निश्चित सांगेपर्यंत जो काळ जातो, त्याविषयीं.

रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें क्षयाचा जंतु विद्वानांपुढें मांडला. पण त्यानंतर साठ वर्षेंपर्यंत हा जंतु ओळखतां येई, मारतां मात्र येत नसे. अमेरिकेंतून वैद्यकाची पदवी मिळवून आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना याच रोगानें २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत नेलें. स्वतःच्या विद्येचा स्वतःला उपयोग व्हावा इतकी ती विद्याच तेव्हां पुढें गेली नव्हती. अशा काळांत निदान दोन महिने आधीं झालें काय किंवा मागाहून झालें काय, रोग्याच्या नशिबांत फारसा पालट होत नसे. हवापालट, दूध-अंडीं, ऐपत असल्यास मिरजेसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामांत कांहीं महिने. म्हणून रोगाचें नांवच न उच्चारण्याची रीत घरोघर पडली. ‘अंगांत जरा कसर आहे’, ‘छाती थोडी अधू आहे’ असें म्हणून वेळ निभावून नेत.

पुढें १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडलें. मद्रास येथील केंद्रानें १९५६ पासून केलेल्या प्रयोगानें असें दाखवून दिलें कीं, घरीं राहून नियमानें औषध घेणारा रोगी आरोग्यधामांतल्या रोग्यासारखाच बरा होतो आणि त्यामुळें घरच्यांना अधिक धोका पोंचत नाहीं. आज साध्या क्षयाला सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात आणि सरकारी दवाखान्यांत त्या मोफत मिळतात. नांव न उच्चारण्याची रीत मात्र औषधाबरोबर गेली नाहीं.

हा उशीर होतो तरी किती ? भारतांत झालेल्या अनेक पाहण्या एकत्र करून २०१४ सालीं एक हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांतला मधला आंकडा सुमारें ५५ दिवसांचा आहे. यापैकीं रोगी स्वतः घालवितो ते दिवस सुमारें १८. आणि तो वैद्यकीय मदत मागूं लागल्यानंतर निदान होईपर्यंत जातात ते ३१. रोग ओळखला जाण्यापूर्वीं तो सरासरीनें दोहोंहून अधिक, जवळजवळ तीन ठिकाणीं जाऊन आलेला असतो. आपण सुशिक्षित लोक उशिराचें खापर ‘अडाणीपणा’वर फोडतों; हे दोन आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे तें खापर तिथें नीट बसत नाहीं.

कल्पना करा, धारावीच्या एका गाळ्यांत कातडी पिशव्या शिवणारा तिशींतला माणूस आहे. गणपति बसले त्या दिवशीं त्याला खोकला लागला. पहिला आठवडा आलें, मध आणि ओव्याची धुरी यांवर गेला. दुसऱ्यांत औषधांच्या दुकानांतून खोकल्याची बाटली आली. गुलालानें आणि जागरणानें घसा धरला, असें सगळ्यांनीं ठरवून टाकलें. पितृपक्षांत सायंकाळीं बारीक ताप येऊं लागला, तेव्हां तो गल्लीच्या तोंडाशीं असलेल्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनीं पांच दिवसांचें अँटिबायोटिक दिलें. यांपैकीं फ्लुरोक्विनोलोन वर्गांतलीं औषधें क्षयाच्या जंतूंवरही थोडीफार चालतात. ताप उतरतो, भूक लागते, रोगी व डॉक्टर दोघेही समाधान पावतात; पण जंतु दबलेला असतो, मेलेला नसतो, आणि थुंकींतली त्याची संख्या घटल्यामुळें पुढची तपासणीही चुकीचें उत्तर देऊं शकते. नवरात्रांत ताप परत आला. दुसरे डॉक्टर, टायफॉइडसाठीं रक्ताची तपासणी, आणखी एक औषध. दसऱ्याला हातांतले पैसे संपले. दिवाळीचें काम अंगावर असल्यामुळें खाडा करणें शक्य नव्हतें. पाडव्याला थुंकींत रक्ताची रेघ दिसली, तेव्हां कोणीतरी म्हणालें, महापालिकेच्या दवाखान्यांत थुंकी तपासून घे.

चतुर्थीपासून पाडव्यापर्यंत सुमारें छप्पन दिवस होतात. माझा माणूस कल्पित आहे, पण त्याचे दिवस त्या हिशेबाबाहेरचे नाहींत. या सबंध काळांत त्यानें वेडेपणा असा कोणता केला ? तो दोन डॉक्टरांकडे गेला, सांगितलें तें औषध त्यानें घेतलें, फी दिली. त्याला कोणीं थुंकी मागितली नाहीं, एवढेंच घडलें. आणि या छप्पन दिवसांत तो दहा जणांसह बंद गाळ्यांत खोकत होता. थुंकींत जंतु सांपडणारा एक रोगी औषधावांचून राहिला तर वर्षाकाठीं दहा ते पंधरा माणसांना संसर्ग देतो, असें मानतात.

ही तक्रार नवीन नाहीं. बंगळूर येथील राष्ट्रीय क्षयरोग संस्थेंतले डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनीं तुमकूर जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत जाऊन केलेली पाहणी १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. क्षयाचे रोगी आपल्या लक्षणांविषयीं बेफिकीर असतात कीं काय, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर उलट आलें. बहुतेकांना आपल्या लक्षणांची पुरी जाणीव होती, पुष्कळांना काळजीही होती, आणि निम्म्याहून थोडे अधिक लोक दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. तेथें त्यांना मिळाली होती खोकल्याच्या औषधाची बाटली. त्यानंतर अर्धशतकानें दिल्लींत कांहीं निरोगी माणसांना क्षयाचीं लक्षणें नीट पढवून खासगी चिकित्सकांकडे पाठविण्यांत आलें. कोण रोगी आणि कोण सोंगाडी हें चिकित्सकांना ठाऊक नव्हतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाप्रमाणें २५० भेटींपैकीं अवघ्या ५२ भेटींत, म्हणजे शेंकडा २१ वेळां, योग्य उपाययोजना झाली. बाटलीचा रंग तेवढा बदलला असेल.

आतां दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय पाहणींत, ज्यांना लक्षणें होतीं त्यांपैकीं शेंकडा ६४ लोक कोणत्याही दवाखान्यांत गेले नव्हते. आणि न जाण्याचें कारण विचारतां बहुतेकांनीं ‘दुर्लक्ष केलें’ असेंच सांगितलें. अर्थात् खोकणाऱ्या प्रत्येकाला क्षय असतो असें नव्हे. आणि याच पाहणीनें आणखी एक विलक्षण गोष्ट दाखविली : सांपडलेल्या रोग्यांपैकीं शेंकडा ४२ हून अधिक केवळ छातीच्या क्ष-किरण चित्रामुळें सांपडले. केवळ लक्षणें विचारून भागविलें असतें, तर ते हातचे निसटले असते.

तपासणीच्या साधनांबद्दल थोडक्यांत सांगतों. सूक्ष्मदर्शकाखालीं जंतु दिसावयाचा तर एक मिलिलिटर थुंकींत सुमारें दहा हजार जंतु असावे लागतात. त्याहून कमी असल्यास ‘जंतु नाहीं’ असा अहवाल येतो आणि रोगी निश्चिंत होतो. जंतूचा अंश हुडकणारीं नवीं यंत्रें आतां आलीं आहेत. जीनएक्स्पर्टला जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं मान्यता दिली. ट्रूनॅट हें गोव्यांतील कंपनीचें यंत्र, त्याला २०२० सालीं मान्यता मिळाली आणि तें विजेच्या घटावरही चालतें. उत्तर कांहीं तासांत मिळतें, आणि औषधाला न जुमानणारा जंतु असल्यास तेंही कळूं शकतें. क्षयासाठीं रक्तांतील प्रतिपिंडांची तपासणी मात्र कोणी करूं म्हणेल तर नको म्हणावें. ती भरंवशाची नाहीं म्हणून २०१२ सालीं सरकारनें तिच्यावर बंदी घातली आहे.

स्त्रियांची गोष्ट थोडी निराळी आहे. चारचौघांत खाकरून थुंकणें त्यांना लाजिरवाणें वाटतें. नमुना म्हणून येते ती पुष्कळदां नुसती लाळ, आणि लाळेंत जंतु सांपडत नाहीं. मुलगी लग्नाची असली तर घरचेच तिला शेजारच्या शहरीं नेऊन तपासतात, कीं तपासतच नाहींत. पत्रिकेंतला मंगळ उघड सांगणारीं घरें हा बारीक ताप मात्र लपवितात.

हें भाषण आपण दिवाणखान्यांत बसून ऐकत असतांना कदाचित् आपल्या स्वयंपाकघरांत कोणी भांडीं घासत असेल. तिचा खोकला दोन आठवड्यांपेक्षां जुना आहे काय, हें आपल्याला ठाऊक असण्याचा संभव आहे. आणि आपण बहुधा तिला सितोपलादि दिलें असेल किंवा ‘मुलांपासून जरा दूर राहा’ असें सांगितलें असेल. आपल्या खोकल्याचें नांव कळलें तर चार घरचें काम सुटेल, हें तीही जाणते, म्हणून ती पदराआड खोकते. तपासणीसाठीं दोन नमुने द्यावे लागतात. एक दवाखान्यांत गेल्याबरोबर आणि दुसरा पहांटे उठल्याबरोबरचा. यांत तिच्या दोन सकाळी मोडतात. रोग निघालाच तर औषधाचा योग्य परिणाम होऊं लागल्यावर संसर्गाचा धोका लवकर उतरतो, आणि तिनें कामावर केव्हां यावें हें दवाखान्यांतले डॉक्टर सांगतील. तोंवरचा पगार तिला मिळणार आहे, हें तिला तपासणीला पाठविण्यापूर्वीं सांगावें, मागाहून नव्हे.