उत्तर देण्याची तयारी
(चांदूर रेल्वे येथील धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आपण परमेश्वराचे आभार मानण्यासाठीं एकत्र जमलों आहों. पूर्वजांनीं कष्टानें जपलेला कॅथलिक विश्वास हा आपला सर्वांत मोठा ठेवा होय. परंतु हा ठेवा काय आहे हें कोणी विचारलें असतां आपणांस शब्दांत सांगतां येतें काय? हाच प्रश्न मी आज आपणांपुढें ठेवीत आहें.

आपलें गांव रेल्वेच्या रस्त्यावरचें. येथें नाना धर्मांचे व पंथांचे लोक शेजारीं राहतात, त्यांचीं व आपलीं मुलें एकाच बाकावर शिकतात. तेव्हां प्रश्न येणारच. "तुम्ही मरियेची पूजा करतां काय?" "पाप देवास सांगावयाचें सोडून पाद्रीबाबांस कां सांगतां?" "आमच्या बायबलांत ६६ पुस्तकें आहेत, तुमच्यांत ७३ कशीं?" यावर आपल्यांतील पुष्कळ जण हंसून वेळ मारून नेतात किंवा "फादरांना विचारा" म्हणतात. वडील माणसांचें एवढ्यानें निभावतें. तरुणांचें निभावत नाहीं. ज्या मुलास उत्तर सांपडत नाहीं तो प्रथम लाजतो, मग स्वतःच साशंक होतो, आणि एके दिवशीं कोणास न सांगतां मिस्सेस येणें सोडतो. त्यास कोणी वादांत जिंकलेलें नसतें. त्याच्या घरांत उत्तर देणारें कोणी नव्हतें, एवढेंच. म्हणून संत पेत्रानें आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत आज्ञा केली आहे कीं, आपल्या आशेचें कारण विचारणाऱ्या प्रत्येकास उत्तर देण्यास आपण सदैव सिद्ध असावें, आणि तें उत्तर सौम्यतेनें व आदरानें द्यावें.

ही सिद्धता ग्रंथांवांचून होत नाहीं, आणि ग्रंथ आपल्या भाषेंत हवेत. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडांत जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले. साष्टींतील ख्रिस्ती लोकांस जुनीं पुराणें वाचण्याची बंदी झाली होती. तेव्हां एका ब्राह्मण वंशाच्या नवख्रिस्ती श्रोत्यानें त्यांस विनंति केली कीं, आमचीं पुराणें आपण बंद केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें एखादें पुराण आम्हांस द्यावें. ही मागणी त्यांनीं मानली. सुमारें ११,००० ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं राशोल येथें छापून निघालें. त्यांत श्रोते शंका विचारतात आणि पाद्री-गुरु त्यांचें निरसन करितात. शंका विचारणें हा अविश्वास नव्हे, हें त्या ग्रंथाच्या रचनेवरूनच दिसतें.

आपल्याच जिल्ह्यांतील रिद्धपूरचीही गोष्ट आठवा. महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनीं धर्माचें लेखन मराठींतच व्हावें असा आग्रह धरला. कारण संस्कृतांत लिहिल्यास साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया त्यास मुकल्या असत्या. हा विचार आपणही घेण्यासारखा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून नागपूर प्रांतांत ज्या मिशनऱ्यांनीं श्रम केले, त्यांचा संघ संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नांवाचा आहे. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ सालीं स्थापन झाला. या मिशनऱ्यांच्या कामाचा वारसा आपणांपर्यंत पोहोंचला आहे. संत फ्रान्सिस १५९४ सालीं शाब्ले प्रांतांत गेले, तेव्हां लोक त्यांच्या प्रवचनास येईनात. मग त्यांनीं लहान पत्रकें लिहिलीं आणि तीं घरोघरीं दारांच्या फटींतून आंत सारलीं. परमगुरुस्वामी अकरावे पायस यांनीं १९२३ सालीं त्यांस कॅथलिक लेखकांचे आश्रयदाते संत ठरविलें.

आतां वाचावें काय, तें सांगतों. पहिलें स्थान पवित्र शास्त्राचें. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें 'सुबोध बायबल' २०१० सालीं प्रसिद्ध झालें, आणि आजच्या मराठींतील तें वाचन आबालवृद्धांस सुलभ आहे. दुसरें, कॅथलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ. परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनीं तो १९९२ सालीं जाहीर केला. श्रद्धा, संस्कार, ख्रिस्ती आचरण व प्रार्थना असे त्याचे चार भाग आहेत. एवढा मोठा ग्रंथ अवघड वाटल्यास २००५ सालचा त्याचा संक्षेप घ्यावा. त्यांत ५९८ प्रश्न व उत्तरें आहेत. तरुणांसाठीं २०११ सालीं निघालेलें 'यूकॅट' आहे. ज्यांस इंग्रजी येतें त्यांनीं तें वाचून घरांतील मंडळींस आपल्या वऱ्हाडी बोलींत समजावून द्यावें. ज्यांस सांगतां येतें त्यांसच तें समजलें असें समजावें.

उदाहरणार्थ, ७३ पुस्तकांचा प्रश्न घ्या. नवा करार दोघांचाही २७ पुस्तकांचाच आहे. भेद जुन्या करारांत आहे. आपल्यांत ४६, त्यांच्यांत ३९. टोबीत, जुदीथ, ज्ञानग्रंथ, बेनसीरा, बारूख व मक्काबींचीं दोन अशीं तीं सात पुस्तकें. ग्रीक भाषेंतील जुन्या शास्त्रसंग्रहांत तीं होतीं, आणि तोच संग्रह आद्य ख्रिस्ती लोक वापरीत. हिप्पो (३९३) व कार्थेज (३९७) येथील धर्मसभांनीं त्यांस मान्यता दिली. ट्रेंटच्या महासभेनें १५४६ सालीं तीच यादी कायम केली. हें सांगतांना राग येण्याचें कारण नाहीं. मरियामातेविषयींही असेंच. आराधना एकट्या परमेश्वराची, आणि संतांस व मातेस आदर; हा भेद सरळ सांगितला कीं पुष्कळ गैरसमज मिटतात.

संत थॉमस अक्वायनस यांची रीत येथें उपयोगी आहे. ते प्रथम प्रतिपक्षाचा आक्षेप पूर्णपणें मांडतात, मग उत्तर देतात. शेजाऱ्याचें म्हणणें नीट ऐकून घ्यावें. न समजल्यास "विचारून सांगतों" म्हणावें आणि खरोखरच विचारून सांगावें. त्याच्या धर्माची निंदा करूं नये. निंदेनें आपला विश्वास सिद्ध होत नाहीं आणि शेजार मात्र तुटतो.

महोत्सवाच्या निमित्तानें दोन संकल्प करूं. देवळांत या ग्रंथांचें एक कपाट असावें आणि पुस्तक घरीं नेण्याची मुभा असावी. तसेंच दर रविवारीं मिस्सेनंतर अर्धा तास बसून एका प्रश्नाचें उत्तर मिळून शोधावें, आणि तो प्रश्न मुलांनीं विचारावा. पुढील महोत्सवाचे दिवशीं या देवळांत आपलीं नातवंडें असावींत, असें ज्यास वाटतें त्यानें आजच आरंभ करावा.

पवित्र आत्मा आपणां सर्वांस बोध देवो, आणि आपल्या ओठांवर सत्य व प्रेम हीं दोन्ही एकत्र नांदोत. आमेन.